पाठीवर उभी केलेली पुस्तिका

स्टेन्सिलच्या शाईचा वास बोटांना दोन दिवस सोडत नसे, तेव्हाची गोष्ट. वाचनालयाच्या अंगणात घरी छापलेल्या पुस्तिकांची जत्रा भरायची. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या वैजूने नणंदेबरोबर बायकांच्या पाण्याच्या लढ्यावरची पुस्तिका मांडली होती. तिची एक प्रत घरोघरी फिरून पार मऊ पडलेली.

वाचनालयाचे अध्यक्ष तात्यासाहेब सरंजामे टेबलापाशी थांबले.

"उचला हे. पिना मारल्या की पुस्तक होतं होय? आत कपाटात माझा ग्रंथ बघा. इतकी वर्षं झाली, पण अजून कोरा करकरीत."

"वन्सं, तेवढा घेऊन येता?" वैजू हळूच म्हणाली.

ग्रंथ आला. तिने तो आणि ती मऊ प्रत शेजारी शेजारी पाठीवर, बांधणीची कड खाली करून, उभी धरली आणि हात सोडले. पुस्तिका आपसूक उघडली, नळावरच्या भांडणाच्या पानावर. तिथे हळदीची बोटं उमटली होती. ग्रंथ मिटलेलाच आडवा झाला.

"माणसं वाचतात तिथे पुस्तक उघडतं, तात्यासाहेब. तुमचा ग्रंथ अजून वाट बघतोय."

अंगणात हशा पिकला. तात्यासाहेब ग्रंथ काखेत मारून आत गेले. टेबल जागचं हललं नाही.

आता छपाई एक बटण दाबलं की होते. तरी कुणाकडे जुनी पुस्तिका दिसली, की वैजू ती पाठीवर उभी करून हात सोडते.