‘विवो’चे दोन अर्थ

जहाजाला आग लागली आणि दाभोळचा खलाशी कासम तळाशी जळून मेला. वरचं दार स्पॅनिश कप्तानानेच लावून घेतलं होतं. मुंबईतल्या चौकशीत त्याची नोंदवही उघडली. दार लावण्याआधी त्याने लिहिलं होतं, ‘कासम एस्ता विवो.’

“विवो म्हणजे हुशार,” कप्तान तोऱ्यात म्हणाला. “मी त्याचं कौतुक लिहिलं. तो तेव्हा मेलेलाच होता.”

अधिकाऱ्यांना स्पॅनिश येत नव्हतं. पण कासमची बहीण जुलेखा ती भाषा शिकवायची. ती उठली.

“हुशार असेल तर ‘एस विवो’ लिहितात, साहेब. ‘एस्ता विवो’ म्हणजे जिवंत आहे. माझा भाई जिवंत असताना तुम्ही दार लावलंत.”

“हा नुसता शब्दांचा खेळ आहे!” कप्तान ओरडला.

“तुम्हीही एस्ता विवो आहात, कप्तान. एस विवो मात्र नाही.”

अधिकाऱ्यांनी नोंदवही जप्त केली. जुलेखा खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली.