जस्ताचा रुपया

चंदनगडच्या राजाने शेजारच्या राज्यांचं कर्ज बुडवलं, तेव्हापासून त्याच्या रुपयाला बाहेर कुणी हात लावेना. खजिन्यातली चांदी संपली, तसे राजाने जस्ताचे रुपये पाडले आणि दवंडी पिटवली, "नवा रुपया चांदीच्या रुपयाइतकाच खरा. जो नाकारेल त्याला शंभर रुपये दंड!"

सगुणाक्का तेलीण परमुलखातून तीळ आणायची. तिकडचे व्यापारी जस्त घेईनात, म्हणून एके दिवशी तिनेही गिऱ्हाइकाचा नवा रुपया परत केला. लगेच शिपायांनी तिला दरबारात उभं केलं. दंड भरला नाही तर तिचा घाणा जप्त होणार होता, आणि घाण्यावरच तिचं घर चालत होतं. तिने आधी साठलेल्या शंभर नव्या रुपयांची पिशवी पुढे ठेवली.

खजिनदार त्र्यंबकपंतांनी ती दूर सारली. "हे जस्त नको. दंड चांदीत भर."

सगुणाक्का राजाकडे वळली. "सरकार, मी एक रुपया नाकारला, तर शंभर दंड झाला. पंतांनी आत्ता तुमच्यादेखत शंभर नाकारले. त्यांचा दंड किती होतो?"

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. दंड चांदीतच घ्यायचा हुकूम राजाचाच होता, त्यामुळे त्याला पंतांवर रागावताही येईना.

"दवंडी मागे घ्या," तो पुटपुटला. "बाईला जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी घाणा फिरू लागला, आणि गिऱ्हाइकं तेलासाठी रुपयांऐवजी ज्वारी घेऊन आली.