घळीत न उतरलेली चौथी हाक

डोंगरावर पसरलेल्या एका रानात भेकर जातीची एक हरिणी होती. ती राहायची खाली घळीत, आणि रानाचा कारभार चालायचा वर, पठारावरच्या वडाखाली. बालमित्रांनो, एवढे लक्षात ठेवलेत तरी अर्धी गोष्ट कळली.

रानात बिबट्या आला की सगळ्यांना सावध करणारी हाक देण्याची तिथे पद्धत होती. पहिल्या पिढीची हाक सांबराची. नुसते 'पोंक!' ती दोन टेकड्या ओलांडून जायची, पण तिच्यात 'पळा' याखेरीज मजकूर नसे. दुसऱ्या पिढीत वानराची 'खॅक खॅक' आली. तिच्यावरून बिबट्या कोणत्या बाजूने येतो ते कळे. तिसऱ्या पिढीत साळुंक्या आल्या. त्या बिबट्याच्या बातमीबरोबर रानात कोणाचे कोणाशी बिनसले तेही सांगत. चौथ्या पिढीची हाक कशी असावी याचे नियम प्राण्यांची सभा अजून ठरवतच होती, तोवर साळुंक्या जरा भराभर बोलू लागल्या आणि स्वतःला चौथी पिढी म्हणवू लागल्या. सभेने भांडत बसण्यापेक्षा नियमच थोडे सैल केले. शेवटी खरी चौथी पिढी आली, ती वटवाघळांची. त्यांचा आवाज इतका बारीक आणि जलद, की बिबट्या केवढा, कोणत्या वाटेने येतो, पोट भरलेला की उपाशी, सगळे क्षणात कळे. फक्त मध्ये पान आले की आवाज तिथेच थांबे. म्हणून झाडागणिक एक वटवाघूळ लागे. दिवसा वटवाघळे झोपत. त्या वेळात बिबट्याने येऊ नये, असे सभेने ठरवून टाकले होते.

नवी हाक आली की जुनी बंद, असा शिरस्ता होता. हरिणी बिचारी प्रत्येक हाक शिकली. एक कानात बसते न बसते तोच दुसरी यायची. शिकून शिकून ती इतकी दमली, की पाडस झाले तेव्हा तिने त्याला फक्त वटवाघळाची हाक शिकवली. 'बंद पडलेल्या हाका कशाला त्याच्या डोक्यात भरायच्या?' अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण घळीत बांबू दाट होता. वटवाघळाचा आवाज तिथे उतरतच नव्हता. शेवटी ती चढ चढून सभेच्या चिटणिसाकडे, म्हणजे कोल्ह्याकडे गेली.

"कोल्हेदादा, घळीत काही ऐकू येत नाही हो."

"येईल, ताई. काम चालू आहे."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात."

"म्हणजे बघा, तेव्हापासून चालू आहे! तोवर तुम्हीच वर येऊन का ऐकत नाही? इथे वडाखाली काय स्वच्छ ऐकू येतं!"

"मी वर येऊन ऐकलं, तर खाली पाडसाला कोण सांगणार? निदान तोवर वानराला तरी ओरडू द्या."

"छे, छे! एका हवेत दोन हाका? मग वटवाघळांचं कोण ऐकेल? वानर ओरडला तर त्याचं उंबराचं झाड काढून घ्यायचं, असा ठरावच आहे."

एका संध्याकाळी हरिणी पाडसाला गवतात निजवून पठारावर पाणी प्यायला गेली. तोच डोक्यावरून वटवाघूळ बोलले, "बिबट्या. नर. उपाशी. डावी मिशी आखूड. घळीत उतरतो आहे." इतकी तपशीलवार बातमी तिने जन्मात ऐकली नव्हती, आणि ज्याने ती ऐकायला हवी होती ते पाडस खाली निवांत पडले होते.

ती धावत सुटली. घळीच्या काठावर उंबरात म्हातारा वानर बसला होता.

"आजोबा, ओरडा! बिबट्या खाली उतरलाय!"

"मघापासून बघतोय मी."

"मग बसलात काय असे?"

"आमची हाक बंद आहे, पोरी. कोल्ह्याला विचारून ये."

"विचारून येईपर्यंत माझं पाडस राहील का?"

वानराने एकदा पिकलेल्या उंबरांकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. "घसा बसलाय. निघतो का बघू," तो म्हणाला, आणि त्याने असे काही 'खॅक!' केले की घळ दणाणली.

पण पाडसाला ती हाक कुठे माहीत होती! त्याला गंमत वाटली. कोण खोकते आहे ते पाहायला त्याने गवतातून मान वर काढली, आणि बिबट्याने ती पाहिली.

मग हरिणी स्वतःच्याच आवाजात, भेकरे भुंकतात तशी, भुंकली. ही कुठल्या पिढीची हाक नव्हती; आईची होती. पाडस एका उडीत बांबूत शिरले. बिबट्या आवाजाच्या रोखाने वळला आणि थेट हरिणीच्या मागे लागला. करवंदीच्या जाळीत ती शिरता शिरता त्याचा पंजा पडला आणि तिचा अर्धा कान गेला. जाळीत शिरता येईना आणि सगळी घळ सावध झाल्याने दबा धरण्यातही अर्थ उरला नाही असे पाहून बिबट्या चरफडत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कोल्हा आला. वानराचे उंबर त्याने काढून घेतले आणि हरिणीला म्हणाला, "ताई, आनंदाची बातमी! पाचवी पिढी येते आहे. काजव्यांची. उजेडाचीच हाक, कानाची भानगडच नाही."

"घळीत दिसेल?"

"घळ दुसऱ्या टप्प्यात आहे."

 बेघर झालेल्या वानराला हरिणीने घळीतल्या एका झाडावर जागा दाखवली आणि पाडसाला त्याच्यासमोर आणून बसवले.

"शीक."

"पण आई, ही हाक तर बंद झाली ना?"

"बंद वडाखाली झाली, बाळा. बिबट्या इथे येतो."

तात्पर्य : नवी सोय शेवटच्या घरापर्यंत पोहोचल्याशिवाय जुनी मोडू नये, आणि कोणी मोडलीच, तर ती आपल्या मुलांना शिकवून ठेवावी, कारण मोडणारे त्या शेवटच्या घरात राहत नसतात.