भवानीचं नाणं

एका राज्यात अजितसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजाच्या गडाखाली मोठा बाजार होता, आणि बाजाराच्या टोकाला रायबा बुरूड, त्याची बायको सगुणा आणि त्यांची चौदा वर्षांची लेक आवडी अशी तीन माणसं राहत होती. चौथं माणूस सगुणेच्या पोटात होतं.

राज्य तसं बरं होतं. नद्यांना पाणी होतं, गाई दुभत्या होत्या. पण बाजाराला एक शाप लागला होता. रोज जे पहिलं नाणं एका हातातून दुसऱ्या हातात जाई, ते घेणाऱ्याच्या मुठीत टिकत नसे. गडामागच्या रानातून एक टकाचोर पक्षी येई, तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा, नाणं चोचीत धरी आणि निघून जाई. तेवढ्यावर भागत नसे. ज्याचं नाणं गेलं त्याला त्या दिवशी दुसरी कवडी मिळत नसे. गिऱ्हाईक दारात येई, हातात घेतलेला माल खाली ठेवी आणि पुढे जाई.

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. इतर राज्यांत लोक भवानीचं नाणं कपाळाला लावतात. या राज्यात लोक तिला भीत. उजाडताच दुकानं उघडत, माल मांडला जाई, आणि कोणी काही विकत नसे.

"पावशेर गूळ द्या."

"देतो की, बाई. आधी शेजारून मीठ घेऊन या."

"मीठवाल्यानंच तुमच्याकडे पाठवलं."

"मग हळदीकडे जाऊन या. गूळ काय, कुठे पळतोय."

ऊन डोक्यावर आलं की कोणी परगावचा नवखा फसे, पक्षी येऊन जाई, आणि मग बाजार चाले. पंचवीस वर्षं असं चाललं होतं. अर्ध्या दुकानांना कायमची कुलुपं लागली होती.

एका सकाळी एक म्हातारी रायबाच्या दारी आली. म्हणाली, "नातू झालाय. आज पाचवी. बाळाला ठेवायला सूप हवं." बाजारात अजून भवानी झाली नव्हती. रायबानं बायकोच्या पोटाकडे पाहिलं आणि सूप दिलं. म्हातारीनं नाणं दिलं. टकाचोर आला, नाणं घेऊन उडाला. रायबा त्याच्या मागे धावत गेला, तो संध्याकाळपर्यंत परतला नाही. दुसऱ्या दिवशी टकाचोरानं त्याचं पागोटं आणून अंगणात टाकलं.

आवडीनं पागोटं उचललं, घडी करून कोनाड्यात ठेवलं आणि ती रानात गेली.

रानाच्या मध्यावर एक सावर होती. तिला पानांच्या जागी नाणी होती, वारा आला की ती वाजत. खोडाला तळवा चिकटवून रायबा उभा होता. झाडाची साल त्याच्या मनगटापर्यंत चढली होती.

"बाबा, हात काढा."

"निघत नाही, बाळ. सगळं करून पाहिलं."

फांदीवरून टकाचोर बोलला, "त्याला त्याचं नाणं हवं होतं, पण हात सगळ्यांच्या नाण्यांच्या झाडाला लागला. आता साल रोज वीतभर चढेल. आजपासून पाचव्या दिवशी सूर्य मावळताना काळजाला पोहोचेल. मग इथे एक झाड जास्त होईल."

"उपाय?"

"उपाय आहे, पण तो फुकट सांगायचा नाही, असाच शाप आहे. तीन मजुऱ्या आण. एक हाताची, एक पायाची, एक जिभेची. तिन्ही तुझ्या स्वतःच्या. मागून आणलेल्या चालणार नाहीत."

घरी आल्यावर आवडीनं आईला सगळं सांगितलं. सगुणा म्हणाली, "माझ्यानं वाकवत नाही. आणि तू चौदा वर्षांची. तुला कोण काम देणार?"

"जे काम कोणाला नको, ते मला देतील."

संध्याकाळी बसून तिनं एक छोटी पाटी विणली, शेण भरायला होते तेवढीच. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला ती बाजाराच्या मधोमध उभी राहिली. एका गवळणीनं पाटी घेतली, नाणं दिलं. टकाचोर आला आणि घेऊन गेला. आवडीनं त्याला अडवलं नाही. नाणं जिथे पोहोचवायचं होतं तिथेच चाललं होतं.

बाजार बघत राहिला. गूळवाला म्हणाला, "पोरी, तुझा दिवस बुडाला की."

"माझ्याकडे एकच पाटी होती, काका. माझा दिवस तेवढाच होता."

दुकानदारांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गुळाला गिऱ्हाईक आलं, मिठाला आलं, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बाजार सकाळी सुरू झाला.

हाताची मजुरी झाली. आता पायाची. लिंबाजी कासार गुडघ्यांनी अधू होता. त्याच्या बांगड्या दुकानात पडून होत्या आणि तीन वाड्यांवरच्या बायका रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. आवडी त्याला म्हणाली, "कासारकाका, बांगड्यांची माळ मी नेते. मजुरी आज देऊ नका, उद्या उजाडताच बाजारात द्या."

"वाटेत तो डोंगर आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

तो डोंगर दुपारी कूस बदलत असे. आवडी दुपारच्या आत तो ओलांडून गेली, आणि त्यानं कूस बदलल्यावर पायथ्याला नवी वाट पडली होती, त्या वाटेनं परत आली. निंबवाडी, तळेवाडी, दगडवाडी अशा तिन्ही वाड्या झाल्या. एक बांगडी पिचली नाही. तिसऱ्या दिवशी सूर्योदयाला लिंबाजीनं नाणं दिलं आणि टकाचोर ते घेऊन गेला.

राहिली जिभेची. सटवाजी तेल्याचा बैल महिनाभर रुसला होता. घाण्याला जुंपला की खाली बसे. त्या राज्यात गुरं बोलत, पण त्यांना विचारायला कोणाला सवड नव्हती. आवडी बैलाच्या तोंडाशी जाऊन बसली.

"का रे, चालत का नाहीस?"

बैल म्हणाला, "डोळ्यांना झापड बांधतात आणि चाल म्हणतात. नऊ वर्षं चालतोय. कुठवर आलो ते कोणी सांगत नाही."

सटवाजी म्हणाला, "कुठवर येणार? आहेस तिथेच आहेस."

"मामा, तुम्ही जरा गप्प राहा," आवडी म्हणाली. तिनं बैलाला उठवलं आणि ती त्याच्या कानाशी चालू लागली. "ही निंबवाडी आली. डाव्या हाताला विहीर आहे, बायका धुणं धुताहेत. एक म्हणतेय, बैल कुणाचा गं एवढा देखणा?"

बैलानं मान उंच केली. "पुढे?"

"आता डोंगर आहे. जपून. त्यानं आत्ताच कूस बदललीय."

दिवसभर ती सांगत होती आणि बैल चालत होता. जी गावं तिनं आदल्या दिवशी पायांनी पाहिली होती, ती त्याला कानांनी दाखवली. संध्याकाळी तेलाच्या तीन घागरी भरल्या. बैल म्हणाला, "बरीच मजल मारली आज." चौथ्या दिवशी उजाडताच सटवाजीनं नाणं दिलं, टकाचोर घेऊन गेला, आणि आवडी त्याच्या मागोमाग रानात गेली.

साल रायबाच्या दंडापर्यंत आली होती. तो आता फार बोलत नव्हता.

टकाचोर म्हणाला, "तिन्ही पोहोचल्या. आता ऐक. मी मांत्रिक होतो. एकदा एक पंधरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे काम मागायला आला. त्याला पतंग घ्यायचा होता, आणि बापाच्या खजिन्यातलं नाणं नको होतं, स्वतःचं हवं होतं. दिवसभर त्यानं माझ्या मुळ्या कुटल्या. हातांना फोड आले. मी त्याला तांब्याचं एक नाणं दिलं. वाटेत गडावरचे लोक भेटले. नाणं बघून हसले. मग तोही हसला आणि त्यानं ते चिखलात फेकलं."

"आणि तुम्ही शाप दिला."

"रागात दिला. तुझ्या राज्यात कोणाच्याही हाती पहिली कमाई टिकणार नाही, म्हणालो. तो मुलगा अजितसेन. तो पुन्हा मजुरी करील आणि मिळालेलं नाणं जपील, तेव्हा शाप सुटेल. मजुरी देणाऱ्यानंही ते नाणं स्वतः कमावलेलं हवं. तोवर मीही असाच."

आवडीपुढे पेच पडला. तो चौथा दिवस होता, आणि तिचं नाणं सकाळी गेल्यामुळे त्या दिवशी तिला दुसरं मिळणार नव्हतं. पाचव्या दिवशी पहिलं नाणं तिनं घेतलं तर तेही पक्षीच नेणार. तिच्याआधी दुसऱ्या कोणाला तरी भवानी करावी लागणार होती. तिनं बाजारात येऊन सगळ्यांना सांगितलं. जो तो आपल्या दुकानाकडे वळला.

पाचव्या दिवशी पहाट फुटली तेव्हा सटवाजी तेली घाण्याबाहेर उभा होता. त्यानं एका बाईला बोलावून अदपाव तेल विकलं. टकाचोर नाणं घेऊन गेला.

"मामा, तुमचा दिवस गेला," आवडी म्हणाली.

"बैलानं पाठवलंय मला. म्हणाला, आज आपण घरीच बसू. नऊ वर्षं चालतोय."

मग आवडीनं लिंबाजीची दुसरी माळ गडावर राणीकडे पोहोचवली आणि तिच्याच हातून आपल्या मजुरीचं नाणं मिळवलं. ते मुठीत राहिलं. तशीच ती दरबारात गेली.

"महाराज, तुमच्यासाठी काम आहे."

प्रधानाला हसू आलं. राजानं विचारलं, "कोणतं काम?"

"एक सूप विणायचं. मजुरी तांब्याचं एक नाणं. सूर्य मावळायच्या आत."

"राजाला एक नाणं? थोडा भाव वाढव, पोरी," प्रधान म्हणाला.

"नवशिक्याला एवढंच मिळतं."

आवडीनं मूठ उघडली, तेव्हा राजाला पूर्वी चिखलात फेकलेलं नाणं आठवलं. मग त्यानं बोटांतल्या अंगठ्या काढल्या, सिंहासनावर ठेवल्या आणि तो गड उतरला.

रायबाच्या अंगणात राजा मांडी घालून बसला. बांबू सोलताना त्याची बोटं कापली. सगुणा भिंतीला टेकून सांगत होती, राजा विणत होता, आणि भोवती अख्खा बाजार जमला होता.

"ही कांब उसवा, महाराज," आवडी म्हणाली.

"का?"

"सूप हवंय. ही चाळण होतेय."

राजानं उसवून पुन्हा घातली. सूर्य गडाच्या तटाला टेकला तेव्हा सूप झालं. एका अंगाला कललं होतं, पण सूप होतं. आवडीनं ते उलटंपालटं करून पाहिलं, मान डोलावली आणि राजाच्या हातावर नाणं ठेवलं.

प्रधान हसला. त्याच्यामागचे चार मानकरी हसले. मग सगळे राजाच्या तोंडाकडे पाहू लागले.

राजा हसला नाही. त्यानं नाणं दोन्ही डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं आणि शेल्याच्या पदरात बांधून वर दोन गाठी मारल्या.

टकाचोर छपरावर येऊन बसला होता. तो उडी मारून खाली आला, आणि जमिनीला पाय लागले तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचे होते. त्यानं राजाला नमस्कार केला नाही, राजानंही मागितला नाही.

"पंचवीस वर्षं नाणी वेचली," म्हातारा आवडीला म्हणाला. "एक खाता येत नाही. इथे काही काम मिळेल का?"

"बैलाला गावं सांगायला माणूस हवाय," सटवाजी म्हणाला.

दिवे लागायच्या वेळेला रानाच्या वाटेनं छनछन आवाज आला. रायबा येत होता, धोतराच्या ओच्यात नाणी भरून. बाकीची लोकांनी सावरीखालून वेचून आणली. त्याच्या उजव्या हातावर सालीच्या रेघा होत्या, त्या पुढे जन्मभर राहिल्या. पंचवीस वर्षांत ज्याचं जे गेलं होतं, ते त्याला मिळालं. आवडीची तीन नाणी सगुणेनं देवापुढे ठेवली.

पुढे त्या बाजारात एक रीत पडली. रोजची भवानी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी करायची, आपल्या हातानं केलेल्या एखाद्या वस्तूची, आणि मग थोरांनी दुकानं मांडायची. बंद दुकानांची कुलुपं निघाली. रायबाच्या दाराशी तर सुपांसाठी सात गावांची माणसं बसू लागली.

राजाचं सूप मात्र रायबानं कोणाला विकलं नाही. महिन्याभरानं सगुणेला मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी आवडीनं भावाला त्या सुपात ठेवलं. सूप कललेलं होतं, बाळ हळूच एका अंगावर घसरलं आणि तिथेच मूठ मिटून गाढ झोपलं.