वासराचं दावं

सर्जेराव इनामदारांनी जीपला ट्रकचं इंजिन बसवून घेतलं. “चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियलही मोठा घाला,” असं गॅरेजवाली तान्हूबाई सांगत होती, पण त्यांनी जुना, बारकाच ठेवला. घाटात तो फुटला, तसे इनामदार बैलांच्या शर्यतीत सगळ्यांदेखत तिच्यावर गरजले, “तुझं काम कच्चं. माझ्या जागेतलं गॅरेज उद्या उचल.”

तान्हूबाई कसली घाबरतेय! तरातरा जाऊन ती त्यांच्या मस्तवाल बैलाला वासराचं दावं बांधू लागली.

“अगं बये, खुळी का काय?” इनामदार ओरडले. “एका हिसक्यात तुटंल ते.”

“मग दावं वळणाऱ्याला गावाबाहेर काढाल?”

“त्याचा काय दोष? जनावर बघून दावं बांधावं.”

“ऐकलं का रं सगळ्यांनी? जीपचा निकाल मालकांनीच दिला.”

मैदान खदखदून हसलं. इनामदार मिशीत पुटपुटले, “मोठा डिफरन्शियल कधी बसवतीस?”

“आधी गॅरेज जाग्यावर ऱ्हाऊ द्या, मग बघू.”