अनसूयेचा गुडघा

एका गावात मोरबा नावाचा एक भोळा शिंपी होता. त्याची बायको अनसूया गुडघ्याने जेरीस आली होती. तो बदलल्याशिवाय तिला जिना चढता येणार नव्हता. हाडांचे डॉक्टर समोरच्याच आळीत होते आणि सोमवारी घेऊन या म्हणाले होते.

मोरबा वेळ पक्की करायला गेला, तर बाकावर दोन गोरे पाहुणे गुडघे चोळत बसलेले. हे इतक्या लांब कशाला आले, असे त्याने कंपाउंडरला विचारले. त्यांच्या देशात सहा महिने थांबावे लागते आणि खर्चही चौपट येतो, असे कळले. मोरबा तसाच घरी परतला.

"अगं, शहाणी माणसं गुडघा परदेशात दाखवतात. आपणही परदेशात जाऊ."

अनसूयेने कपाळाला हात लावला. जायचेच तर निदान जाऊन आलेल्यांना विचारा, म्हणाली. मोरबाने सहलीहून आलेल्या किराणावाल्याला गाठले. त्याने एका देशाचे फार कौतुक केले. रस्ते स्वच्छ, हॉटेलात नाश्ता फुकट. मोरबाचा देश ठरला.

"अहो, नाश्त्यावरून दवाखाना ठरवतात का? काय दुखतंय ते आपल्या भाषेत सांगता आलं पाहिजे."

मोरबाला हे पटले. एजंटाकडे खेपा घालून त्याने मराठी माणूस असलेले इस्पितळ शोधून काढले. माणूस कोरेगावचा होता. फाटकावर गाड्या लावून घ्यायचा.

"त्याला सगळं सविस्तर सांगू," मोरबा म्हणाला.

आता अनसूया चिडली. "लोकांचं ऐकून मला कुठेही नेऊ नका. आधी स्वतः अनुभव घ्या, मग मला सांगा."

मोरबाने दुकान बंद केले आणि एकटाच विमानात बसला.

तिथल्या डॉक्टरांनी त्याचा गुडघा दाबून पाहिला. मग फाटकावरच्या माणसाला आत बोलावून, याला काहीही झालेले नाही, असे कळवले. मोरबाने उलट कळवले, नसेना का, अनुभव घ्यायचाय. पैसे आगाऊ भरलेले होते. डॉक्टरांचा नाइलाज झाला.

तीन आठवड्यांनी मोरबा चाकाच्या खुर्चीतून परत आला. अनसूया लंगडत दाराशी गेली आणि तिने ती खुर्ची कशीबशी उंबरठ्यावरून आत ओढली.

"अगं, डॉक्टर उत्तम आहेत," मोरबा म्हणाला. "नाश्ताही खरंच फुकट. तू डोळे मिटून जा. फक्त तीन महिने मला धरून उठवावं-बसवावं लागेल. तेवढं केलंस की लगेच निघ."