दुपारचा पहारा

“म्हणजे असे शब्द एकंदर किती?” कोंडीबुवांनी विचारलं.

“सात तरी सहज सांगता येतील. बारीक धरले तर अकरा.”

“एवढ्या एका गोष्टीला?”

“एक गोष्ट नाही बुवा, तिथंच तर गंमत आहे.” प्राध्यापक रंगनाथ ढवळे सतरंजीवर जरा पुढे सरकले. वर्गात असा प्रश्न कुणी विचारला की ते असेच पुढे सरकत.

बुवा बसलेले नव्हते. गळ्यात वीणा घेऊन मठाच्या मधल्या खांबाशी उभे होते. वय पंच्याऐंशी. पाय सुजलेले. बोट मात्र तारेवर चालू होतं.

पूर्णेकाठच्या या मठाला लोक वीणेचा मठ म्हणतात. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवत नाहीत. इथं ती दीडशे वर्षं टेकलेली नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या, आणि पहारा बदलतो. आसपासच्या गावांतली नवसाची पोरं इथं येऊन एक वर्ष पहाऱ्याला उभी राहतात आणि घरी जातात.

रंगनाथराव असेच नवसाचे. त्यांच्या आधीची तीन मुलं गेली, तेव्हा आईनं बोलून ठेवलं होतं. विसाव्या वर्षी तिनं त्यांना इथं आणून सोडलं आणि दुपारचा पहारा त्यांच्या वाट्याला आला.

तिसऱ्या महिन्यात कॉलेजची परीक्षा आली. धाकटा भानुदास घरून भाकरी घेऊन आला होता. रंगनाथरावांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली. “भान्या, मी येईपर्यंत धर. परीक्षा झाली की आलोच.”

परीक्षा झाली. पहिला वर्ग मिळाला. मग नोकरी लागली, मग लग्न, मग इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम. न येण्याला माणसाला कारण लागतं, आणि रंगनाथरावांना शब्दांची कधीच वाण नव्हती. बत्तीस वर्षं अशीच वेळ मारून नेली.

आज मात्र ते आले होते. गाडी बाहेर चिंचेखाली उभी होती. अर्ध्या तासात भावाला गाडीत घालून निघायचं, असा त्यांचा हिशेब होता.

मठात शिरताना एक गोष्ट त्यांना खटकली होती. स्वयंपाक सांभाळणारी सुंदराबाई दारातच भेटली. तिनं नाव विचारलं, यांनी सांगितलं. बाईच्या हातातला तांब्या खाली पडला. मग तिनं यांच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिलं. दोन्ही पावलं सरळ आहेत ना, ते नीट पाहून घेतलं आणि नदीकडे निघून गेली.

खेडवळ माणसं, असं म्हणून रंगनाथरावांनी ते सोडून दिलं. भर दुपारी बारा वाजता भुताला कोण भितं?

“सांगा की सर,” बुवा म्हणाले. “‘माझ्या जागी भाऊ उभा हाय,’ असं तुमीच म्हनालात. त्याला तुमच्या इंग्रजीत काय म्हनायचं?”

“ॲक्टिंग म्हणता येणार नाही. ॲक्टिंग म्हणजे खुर्ची रिकामी असते आणि हा तात्पुरता बसलेला असतो. प्रॉक्सीही नाही. ती फक्त हजेरी. वर्गात दुसऱ्याच्या नावाला ‘येस सर’ म्हणतात ना, तसं.”

“मंग?”

“लोकम म्हणजे डॉक्टर रजेवर गेला की त्याचे पेशंट तपासणारा दुसरा डॉक्टर. तो त्याच तोलाचा लागतो. स्टॉपगॅप म्हणजे खाटेच्या पायाखाली घातलेली वीट. अंडरस्टडी नाटकात असतो. दुसऱ्याचं काम पाठ करून विंगेत बसतो आणि त्याचा घसा कधी बसतो याची वाट बघतो.”

“भानूनं वाट बघितली,” बुवा म्हणाले. “पर ती तशी न्हाई.”

“हो. म्हणूनच मी म्हणतो, स्टँड-इन. सिनेमात दिवे लावेपर्यंत हिरोच्या जागी दुसऱ्याला उभं करतात. हिरो आला की तो मुकाट्यानं बाजूला होतो. भानुदास म्हणजे स्टँड-इन.” रंगनाथरावांना शब्द नेमका बसल्याचा आनंद झाला. तो लपवण्याची त्यांना गरज वाटली नाही.

“आन् खरा आलाच न्हाई तर?”

“तसं कसं होईल? या सगळ्या शब्दांत तो येणार हे धरलेलंच असतं.”

“सगळ्यांत?”

“अकराच्या अकरा.”

तारेचा आवाज तेवढा येत राहिला...

खिडकीतून नदीचा काठ दिसत होता. तिथल्या दगडावर केळीचं पान मांडलं होतं. दोन-चार माणसं लांब बसली होती. समोरच्या बाभळीवर एक कावळा होता. तो पानाकडे पाहतही नव्हता.

“दहावा दिसतो कुणाचा तरी,” रंगनाथराव म्हणाले.

“हाव. सकाळधरनं बसलेत. कावळा शिवंना.”

“असो. भानुदासला बोलवा. आईला त्याला एकदा पाहायचं आहे. तिची तब्येत बरी नाही.”

“काय होतं मायला?”

“वय झालं. भ्रम झाल्यासारखं करते. नऊ दिवस झाले, मला भानूच म्हणते. ‘भानू, जेवलास का? भानू, रंगनाथ कुठं गेला रे?’ मी समोर बसून सांगतो, आई, मीच रंगनाथ. ती ऐकून घेते आणि रडते.”

बुवांचं बोट तारेवर थांबलं.

एवढा वेळ तो आवाज चालू होता, हे रंगनाथरावांना तो थांबल्यावर जाणवलं. मठात एकदम फार शांत वाटलं. मग बोट पुन्हा चालू झालं.

“तुमच्या मागं फळा हाय,” बुवा म्हणाले. “वाचा.”

भिंतीवर काळा फळा होता. पहाऱ्याच्या वेळा आणि पुढे नावं. पहाटे, सकाळ, सांज, रात्र, सगळी नावं खडूनं लिहिलेली. दुपारच्या पुढची जागा ओल्या फडक्यानं पुसली होती. तरी वाचता येत होतं.

रंगनाथ.

“माझं नाव अजून?” ते हसले. “बत्तीस वर्षं?”

“पहारा ज्याच्या नवसाचा, नाव त्याचंच. उभा कुनी का ऱ्हाईना.”

“मग भानुदासला सगळे...”

“रंगनाथच म्हनायचे. पयली दोन वर्सं तो बी सांगायचा, मी रंगनाथ न्हाई, मी भानू. मंग सांगायचा थांबला. मंग नुस्ता ‘ओ’ द्यायचा.”

“आणि आता कुठं आहे तो?”

बुवांनी खिडकीकडे मान वळवली.

रंगनाथरावांनी पान पाहिलं, पानावरचा पिंड पाहिला, बाभळीवरचा कावळा पाहिला.

“कधी?”

“नऊ दिस झाले. पहारा चालू व्हता, याच खांबाशी. आडवा होईस्तोवर त्यानं वीणा खाली येऊ दिली न्हाई. मी धावलो, माझ्या हातात दिली, मंग पडला.”

“मला का कळवलं नाही?”

“कुनाला कळवायचं? रंगनाथ वारला. पिंड बी त्याच नावानं मांडलाय. सरकारी कागदावर सुदिक तेच नाव लागलं.”

“पण मी जिवंत आहे!” रंगनाथराव ओरडलेच. “मी इथं तुमच्यासमोर उभा आहे!”

“कोन?”

बुवांनी हे अगदी साधेपणानं विचारलं. नाव विचारावं तसं.

रंगनाथरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं, पण ते फळ्यावर पुसलेलं पाहिल्यावर उच्चारवेना. घरी आई समोर बसून रडते, ती भ्रमानं नाही, हे त्यांना आता कळलं होतं. त्यांना भीती वाटली. लाजही वाटली, पण ती मागाहून.

ते उठून काठावर गेले. माणसं त्यांना पाहून बाजूला सरली. सुंदराबाईनं पदर तोंडाला लावला.

“काय काय बोलून झालं?” त्यांनी तिला विचारलं. गेलेल्याची इच्छा ओळखून तसं वचन दिलं की कावळा शिवतो, एवढं त्यांनाही ठाऊक होतं.

“वीणा टेकू देनार न्हाई, म्हनलो. मठ सांभाळू, म्हनलो. त्याची माय आनून दावू, म्हनलो.” ती त्यांच्यापासून दोन हात लांबच उभी होती. “न्हाई शिवत.”

रंगनाथरावांनी हात जोडले. “भान्या, मी आलोय.”

कावळा हलला नाही.

“दादा आलाय रे. रंगनाथ आलाय.”

कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन मी म्हणत होतं आणि रंगनाथरावांच्या अंगावर काटा उभा राहिला. आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस, त्याला या वेळी एकही शब्द आठवेना.

किती वेळ गेला कोण जाणे. मठातून वीणेचा आवाज येत होता. तो अडखळत होता. नऊ दिवस दोन-दोन पहारे करणारा म्हातारा किती वेळ उभा राहणार?

रंगनाथराव परत आत आले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी सतरंजीवर ठेवलं. खिशातली गाडीची किल्ली काढून त्याशेजारी ठेवली. मग ते बुवांच्या सुजलेल्या पायांवर डोकं टेकून राहिले.

बुवांनीही वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि वीणा त्यांच्या गळ्यात घातली.

वीणा वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. दांडीवर एके ठिकाणी अंगठ्यानं धरून धरून लाकूड झिजलं होतं, लहानशी खोलगट जागा झाली होती. रंगनाथरावांनी अंगठा ठेवला. तो त्यात चपखल बसला.

त्यांनी तार छेडली.

“शिवला!” काठावरून सुंदराबाईचा आवाज आला. “बुवा, शिवला वं, शिवला!”

बुवा नऊ दिवसांत पहिल्यांदा दुपारचे खाली बसले. पाय पसरले, खांबाला पाठ टेकली, डोळे मिटले. त्यांना आता झोप लागेल असं वाटलं.

रंगनाथरावांचा खांदा आत्ताच दुखायला लागला होता. घरी आई वाट पाहत होती आणि चिंचेखाली गाडी उभी होती.

“बुवा...”

“काय?”

“किती वेळ धरायची?”

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

“आता कसं सांगू, भानू? रंगनाथ येईस्तोवर.”